सेल्फ लांबतो, लीन कोड येतो: स्कॅनर आणि प्रेशर गेज काही महिने वापरल्यावर

पिकअप पेट्रोलची, व्ही-६ इंजिनाची, वयाने बरीच झालेली. तक्रारी दोन. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ लांबलचक मारावा लागायचा, तेव्हा कुठे ती धरायची. आणि चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड जोडीने यायचे. पहिला बँक एकचा, दुसरा बँक दोनचा; बँक म्हणजे व्ही इंजिनाची एक बाजू. अर्थ एकच, लीन: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. या दोन्हींच्या मागे लागण्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारा, फोनला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला आणि पाठोपाठ फ्युएल प्रेशर गेजचा संच. दोन्ही आता पुरेसे वापरून झालेत, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, स्कॅनरने दिशा दाखवली, निकाल गेजने दिला. नुसता स्कॅनर घेऊन बसलो असतो तर सेन्सर बदलत राहिलो असतो, कारण लीन कोड आला की ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ म्हणणारे पावलोपावली भेटतात. तो सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो, बहुतेक वेळा.

स्कॅनर लावला की पहिला हात कोड पुसण्याकडे जातो. तो आवरायचा. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, लोड किती, पाणी किती गरम, ट्रिम (गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीची दुरुस्ती) किती, हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये साठलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं. शिवाय बहुतेक गाड्यांत शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात, मग पुन्हा बरंच चालवल्याशिवाय आकड्यांत काही दिसत नाही. माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन गरम आणि लोड चांगलाच चढलेला होता. म्हणजे कोड आयडलवर, रेस न देता उभ्या इंजिनावर, पडलेला नव्हता. अर्धं काम इथेच झालं.

उरलेलं अर्धं ट्रिमवर. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेली) यांची बेरीज करून बघायची. अधिक म्हणजे ईसीयू हिशोबापेक्षा जास्त पेट्रोल सोडतोय, उणे म्हणजे कमी. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. बेरीज पंचविसाच्या घरात गेली की बऱ्याच गाड्यांत कोड पडतो. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो कुठे चढतो ते महत्त्वाचं. आयडलवर जास्त आणि २,५०० फेऱ्यांवर रेस धरली की खाली येत असेल, तर कुठून तरी हवा खेचतेय: फाटका व्हॅक्युम पाइप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट. ती चोरटी हवा आयडलला मोठा वाटा उचलते, रेस दिली की एकूण हवेत हरवून जाते. उलट आयडलला ठीक आणि घाटात, भार घेतल्यावर आकडा वाढत असेल, तर एकतर पेट्रोल पोहोचत नाही किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय.

माझा दुसरा प्रकार होता, तोही दोन्ही बँकांवर सारखा. एअर फ्लो सेन्सरचा संशय आधी मिटवला. गरम इंजिनाच्या आयडलला त्याचा ग्रॅम-प्रति-सेकंदाचा आकडा इंजिनाच्या लिटरच्या आसपास असावा, हा ठोकताळा; तो जुळत होता. तरी त्याच्याच क्लीनरने साफ केला. ट्रिम जरासे हलले, बस. मग शेजारी फोन धरायला माणूस बसवून चढावर पाय पूर्ण दाबला. अशा वेळी ईसीयू ओपन लूपमध्ये जातो, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून दुरुस्ती करणं थांबवतो, आणि शॉर्ट टर्मचा काही उपयोग राहत नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्ट बघायचा. साधा नॅरो बँड सेन्सर असेल तर तो ०.८-०.९ वर जाऊन बसायला हवा. माझा ०.२ च्या वर यायला तयार नव्हता. पेट्रोल कमी पडत होतं, प्रश्नच उरला नाही.

आता सकाळचा सेल्फ. इथे स्कॅनरने दोन शंका काढल्या. सेल्फ मारताना फेऱ्यांचा आकडा दिसत होता, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत. रात्रभर थंड झालेल्या गाडीत पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखं दाखवत होतं, म्हणजे पाण्याचा सेन्सर ईसीयूला फसवत नव्हता. खरा धागा मात्र फुकटचा होता. चावी ऑन करायची, टाकीतल्या पंपाची घुंऽऽ ऐकायची, बंद, परत ऑन, मग सेल्फ. असं केलं की गाडी लगेच धरायची. म्हणजे रात्रीत लाइनमधलं प्रेशर उतरत होतं.

गेज लावल्यावर ते डोळ्यांनी दिसलं. चावी ऑनला काटा पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या जेमतेम खाली. पोर्ट इंजेक्शनला गाडीनुसार तो साधारण ४० ते ६० पीएसआय असतो. इंजिन बंद केलं आणि काटा घड्याळाच्या मिनिटकाट्यापेक्षा जरा वेगाने, न थांबता, खाली सरकत गेला. चांगल्या गाडीत तो थोडा पडून थबकतो. प्रेशर जायला वाटा तीन: गळका इंजेक्टर, प्रेशर नेमकं राखणारा रेग्युलेटर किंवा पेट्रोल मागे जाऊ न देणारा पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व. इंजेक्टर गळका असता तर सकाळी पेट्रोलचा वास आला असता, धरल्यावर काळा धूर निघाला असता. तसं काही नव्हतं. या संचात मधे बसवायचा कॉक आहे, त्यावर मी फिदा आहे. प्रेशर भरून कॉक बंद केला. रेलकडचा काटा जागच्या जागी. कॉक उघडला, परत घसरण. गळती टाकीच्या बाजूला. कॉक नसेल तर लोक पाइप चिमट्याने दाबतात. हल्लीचे नायलॉनचे पाइप त्याने तडकतात, तसलं करू नका.

विहिरीच्या मोटरचा फूट व्हॉल्व गळका असला की दर वेळी पाणी भरून मग ती चालू करावी लागते, तशातलीच ही गत. फक्त गळका व्हॉल्व लीन कोड टाकत नाही. तो टाकतो थकलेला पंप. माझ्याकडे दोन्ही दुखणी टाकीतल्या पंपाच्या एकाच मॉड्यूलमध्ये होती, म्हणून तक्रारी जोडीने आल्या. पंपाला दोष देण्याआधी मल्टिमीटरने पंपाच्या प्लगपर्यंतचा व्होल्ट ड्रॉप (वायरमध्ये हरवणारा व्होल्ट) आणि अर्थिंग तपासलं. गंजलेलं अर्थिंग चांगल्या पंपालाही थकलेला दाखवतं. ते ठीक निघालं, तेव्हाच मॉड्यूल बदललं. टाकी उतरवण्यापेक्षा मागच्या हौद्याचे बोल्ट काढून तो उचलणं सोपं गेलं; पिकअप असल्याचा एवढा तरी फायदा. टाकीत पेट्रोल कमी ठेवा, आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवा.

त्यानंतर गाडी अर्ध्या सेल्फला धरू लागली, चढावरचे ट्रिम शून्याच्या आसपास आले. काही आठवड्यांनी पी०१७१ परत दिसला, एकटाच. या वेळी चित्र पूर्ण उलटं: फक्त बँक एक, फक्त आयडलला, थंड इंजिनावर जास्त, रेस दिली की साफ. पंपाकडे बघितलंही नाही. थेट धुराची टेस्ट करून घेतली आणि त्या बाजूच्या मॅनिफोल्ड गॅस्केटमधून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. गरम इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधणारे आहेत. आग लागायची ती तशीच लागते.

स्कॅनरबद्दलच्या कुरबुरी: ब्लूटूथ मधेच सुटतं. एका वेळी खूप आकडे मागितले की ते रेंगाळत येतात, चार-पाचच निवडा. सॉकेटमध्ये तसाच ठेवला आणि गाडी दिवसेंदिवस उभी राहिली तर बॅटरी उतरवतो. आणि फ्युएल प्रेशरचा रकाना अ‍ॅपमध्ये असतो, पण गाडीत तो सेन्सरच नसेल तर रिकामा राहतो. त्या आशेवर घेऊ नका.

गेज घेण्याआधी बॉनेट उघडून इंजेक्टर रेलवर टायरच्या व्हॉल्वसारखी टोपी असलेली नळी आहे का ते पाहा. नसेल तर आपल्या गाडीच्या क्विक-कनेक्टच्या मापाचं टी-अडॅप्टर संचात आहे याची खात्री करा. माझ्या संचात डझनभर अडॅप्टर आले, पैकी एकच लागलं आणि त्याची ओ-रिंग वेगळी आणावी लागली.