रत्नागिरीच्या दमट हवेत गाडी आतून राखायची तर: मी काय वापरतो, काय टाळतो

गाडी अर्टिगा, पिवळी नंबरप्लेट. गणपतीपुळे, पावस, आरे-वारे ही नेहमीची भाडी, अधूनमधून कोल्हापूरला दवाखान्याचं. म्हणजे आत समुद्राची वाळू, जांभ्याची लाल धूळ, ओले कपडे, आंबा घाटात गाडी लागलेली पोरं, आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या नि फणस. त्यावर पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. पुण्याकडच्या व्हिडिओंत जे सांगतात त्यातलं निम्मं इथे चालत नाही, म्हणून इथल्या गाडीवाल्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, दुकानात पुढ्यात मांडलेले सुवासिक, चकचकीत डॅशबोर्ड स्प्रे घेऊ नका. यातल्या बहुतेकांत सिलिकॉन तेल असतं. लावल्या लावल्या गाडी नवी वाटते, पण त्या तेलकट थरावर धूळ बसते ती झटकून जात नाही. चकाकीचा त्रास तर त्याहून मोठा. मागे एका ठिकाणी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोराने न विचारता अख्खा डॅशबोर्ड आरशासारखा करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरचं भाडं. हातखंबा सोडलं की पाली, साखरपा करत रस्ता पूर्वेकडे जातो, सूर्य थेट डोळ्यांवर. आणि समोरच्या काचेत पूर्ण डॅशबोर्ड उमटलेला, एसीची जाळी, गणपतीची मूर्ती, सगळं. मागून मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्हाला समोरचं दिसतंय ना?" साखरप्याला थांबून ओल्या फडक्याने पुसलं, तर फडकं काळपट तेलकट झालं आणि डॅशबोर्डवरचा थर अर्धाच निघाला. स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि पेडल यांवर तर असलं काही कधीच लावू द्यायचं नाही. ब्रेकवरून पाय सटकला तर निभावणार कोण?

मी थ्री-ओ-थ्री प्रोटेक्टंट वापरतो. पाण्यावर आधारलेलं आहे, सुकल्यावर चिकट राहत नाही, चमकत नाही, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिक, रबर, रेक्झिन यांचं रक्षण करतं. महिना-दीड महिन्याने परत लावावं लागतं. 473 मिलिची बाटली महाग वाटते, पण एका वेळी लागतात दोन-तीन फवारेच. यात एक पथ्य आहे: लावून तसंच सुकू द्यायचं नाही, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडं पुसून काढायचं, नाहीतर ओघळांचे डाग राहतात. पॉलिश न केलेल्या चामड्यावर आणि सुएडवर (मखमलीसारख्या लवदार चामड्यावर) मात्र ते चालत नाही. रोजच्या पुसण्यासाठी मेग्वायर्सचा क्विक इंटिरियर डिटेलरही चांगला, तोही तेलकट चमक देत नाही. काहीही असो, फवारा फडक्यावर मारायचा, डॅशबोर्डवर नाही. बटणांच्या फटीत आणि स्क्रीनच्या कडेत पाणी उतरलं की दुरुस्तीचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट. टचस्क्रीनला अमोनिया असलेलं काच-क्लीनर लावू नका, तिचा लेप खराब होतो. मायक्रोफायबरचं (बारीक धाग्यांचं) ओलसर फडकं पुरतं.

मायक्रोफायबरचंही सांगतो. ते धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, धागे बुजतात आणि फडकं धूळ धरेनासं होतं. पुसण्याआधी व्हॅक्यूम मारायचाच, नसेल तर मऊ ब्रशने झटकायचं. आरे-वारेची वाळू फडक्याखाली सापडली की काळ्या चकचकीत पट्टीवर ओरखडे उठतात, आणि ते सहजासहजी जात नाहीत.

आता सीट. माझ्या सीटकव्हरसारखी 'लेदर' म्हणून मिळणारी बहुतेक कव्हरं रेक्झिनची असतात. त्यांना महागडं लेदर कंडिशनर देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ते आत मुरतच नाही, वर तेलकट होऊन राहतं. कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य शाम्पू, पिळून घेतलेलं फडकं, शिलाईसाठी मऊ टूथब्रश, आणि मग कोरडं पुसणं. एवढंच.

फणसाचा चीक पाण्याने, शाम्पूने, कशाने जात नाही. त्याला खोबरेल तेल. फणस चिरताना विळीला नि हाताला लावतो तेच. कापसाच्या बोळ्यावर घेऊन चिकावर ठेवायचं, मऊ झाला की हलकेच ओढून काढायचा, मग शाम्पूच्या पाण्याने तेल पुसायचं. बाजारातल्या कुठल्याही डागनाशकापेक्षा माझा विश्वास यावर जास्त आहे.

हळदीचा डाग आणखी वेगळा. कापडी सीटवर आमटी किंवा मिसळीचा रस्सा सांडला आणि घाईने कपड्याच्या साबणाने घासलं, तर पिवळा डाग लालसर होतो. घाबरू नका, हळदीतलं कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं म्हणून तसं होतं. साध्या पाण्याने साबण टिपून काढा आणि दार उघडं ठेवून तिथे ऊन येऊ द्या. कर्क्युमिनचा रंग उन्हात विटतो. दोन-तीन कडक उन्हांत डाग फिका पडत जातो. पावसाळ्यात मात्र कापडी सीट भिजवून धुवायची नाही. वरून सुकल्यासारखी वाटते, आत फोम ओलाच राहतो, मग कुबट वास आणि बुरशी. आमच्याकडे सगळे फोम-क्लीनर मी ऑक्टोबरनंतरच बाहेर काढतो.

बुरशी आलीच तर तोंडाला मास्क लावून, चारही दारं उघडून आधी कोरड्या ब्रशने झाडा. कडक प्लास्टिकवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसायचं. रेक्झिनवर लावण्याआधी सीटच्या मागे, दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं, रंग उतरतो का ते. दमटपणा काढायला एसी चालू ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, कारण एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो. ओल्या कपड्यांची माणसं उतरली की मी परतीच्या वाटेवर बाहेरची हवा आत घेत एसी लावतो.

ओल शोषणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या घरातल्या कपाटात ठीक, गाडीत नको. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ओल शोषून त्याचं खारं पाणी होतं, आणि घाटाच्या वळणावर डबी कलंडली की ते पाणी सीटवर डाग पाडतं नि खालच्या पत्र्याला गंज आणतं. त्याऐवजी सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या घ्या. ओल भरली की पाकिटावर सांगितलंय तसं गरम करून परत वापरता येतात.

सीटबेल्टवर बुरशीचे ठिपके आले तर पट्टा पूर्ण बाहेर ओढून क्लिपने अडकवायचा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि सावलीत पूर्ण सुकेपर्यंत परत आत जाऊ द्यायचा नाही. ब्लीच त्याला अजिबात लावू नका. डाग जाईल, पण पट्ट्याचे धागे कमजोर होतील, आणि ते वरून दिसणार नाही.