केनच्या दोन लघुकादंबऱ्यांपैकी आधी कोणती वाचावी?

अमेरिकी गुन्हेगारी कादंबरीकार जेम्स केनच्या ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ आणि ‘डबल इन्डेम्निटी’ यांपैकी आधी कोणती वाचावी, हा प्रश्न मलाही पडला होता. बायको, तिचा प्रियकर, वाटेत येणारा नवरा आणि विम्याची रक्कम हा ऐवज दोन्हींत सारखाच आहे. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडरने प्रियकराच्या साथीने केलेल्या नवऱ्याच्या खुनाची सावलीही दोन्हींवर आहे.

कटाची बांधणी पाहायची असेल तर ‘डबल इन्डेम्निटी’ कदाचित सरस ठरेल. रेल्वे अपघातातील मृत्यूला दुप्पट रक्कम मिळते हे निवेदकाला, म्हणजेच त्या प्रियकराला, तो स्वतः विमा एजंट असल्याने, नेमके ठाऊक असते, आणि नवऱ्याच्या मोडलेल्या पायाचाही तो आखणीत उपयोग करून घेतो. दावे तपासणारा कीज जवळ येऊ लागला की पुस्तक खाली ठेववत नाही. तरीही एक गोष्ट मला पहिल्या वाचनात खटकली आणि तिसऱ्या वाचनातही खटकत राहिली. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी पुढची दोन वाक्ये वगळावीत.) फिलिसचा, म्हणजे त्या बायकोचा, परिचारिका असतानाचा भूतकाळ उघड होतो आणि तिला मृत्यूचीच ओढ असल्याचे दिसते. त्या क्षणी ती आपल्यासारखी हाडामांसाची बाई उरत नाही, आणि खून प्रेमापोटी झाला की लोभापोटी, हा प्रश्नच निकालात निघतो.

‘पोस्टमन’मधली कोरा मात्र अखेरपर्यंत समजण्याजोगी राहते. तिला नवरा नको आहे, परंतु प्रियकर फ्रँकसारखे वाट फुटेल तिकडे भटकणेही नको आहे. रस्त्याकडेची ती खाणावळच तिला नावारूपाला आणायची आहे. पुढे, नवऱ्याच्या खुनानंतर, सरकारी वकिलाच्या दडपणाखाली फ्रँक तिच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही करतो, आणि त्या सहीनंतरही दोघांना एकमेकांसोबतच राहावे लागते. ती पाने मी एका संध्याकाळी वाचली आणि अंधारून आले तरी दिवा लावायला उठलो नाही. विमा कंपन्यांमधील देवघेवीचा भाग किचकट आहे, तो मला दोनदा वाचावा लागला, हे मान्य करायला हवे.

आवडी वेगळ्या असू शकतात. तरी एकच पुस्तक हाती द्यायचे झाल्यास मी ‘पोस्टमन’ देईन, आणि कोर्टाच्या प्रकरणांपाशी थांबू नका, एवढी विनंती करीन, कारण त्यांच्यापलीकडे समुद्रात पोहण्याचा तो प्रसंग आहे, जिथे कोरा आपला जीव फ्रँकच्या हाती सोपवून पाहते.