मासे टिपण्यासाठी तीर: धामणीचा की माणग्याचा?

फायबरचा तीर आणि नायलॉनची दोरी बाजूला ठेवून, स्वतः घडवलेल्या तीराने मासे टिपायचे असे ज्यांनी आधीच ठरवले आहे, त्यांच्यापुढे कोकणात प्रामुख्याने दोन पर्याय उरतात. एक म्हणजे धामणीच्या लाकडाचा दांडा आणि दुसरा म्हणजे माणग्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, कांबीतून तासलेला दांडा. तीराला जोडून टिपलेला मासा ओढून आणायच्या दोरीच्या बाबतीतही निवड अशीच दुहेरी आहे, अंबाडी किंवा ताग (म्हणजे बोरू, पोत्यांचा ज्यूट नव्हे). मी गेली काही वर्षे सिंधुदुर्गातील आमच्या गावच्या तळ्यावर हे चारही प्रकार वापरले आहेत. पुढील मते त्या एका तळ्यावरची, साधारण 35 ते 40 पौंड ओढीच्या धनुष्याची आणि मुख्यतः चिलापी या एकाच माशाची आहेत, हे लक्षात ठेवूनच ती वाचावीत.

चिलापीच का, हेही सांगतो. हा मासा मूळचा आफ्रिकेतला असून तो 1952 मध्ये भारतात आणला गेला, आणि आता तळ्यातळ्यांतून त्याने स्थानिक माशांची जागा व्यापली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की नर उथळ तळाशी वाटीसारखे खळगे करून राखण करत बसतात, त्यामुळे तो स्पष्ट दिसतो आणि टिपताना मनाला टोचणी लागत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध येणारे, मासे चढतात तेव्हा मात्र धनुष्य घरातच असावे, कारण त्या माशांच्या पोटात गाभोळी असते. तळे मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

धामणीची बाजू प्रथम मांडतो, कारण सुरुवातीला मी तिच्याच बाजूने होतो. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, हे कुऱ्हाडीचा दांडा धरलेल्या कोणालाही ठाऊक आहे, आणि धनुष्यासाठीही ते पूर्वापार वापरले जाते. खडकावर आदळलेला धामणीचा तीर टोकाशी पिंजला तरी मोडत नाही. त्याच्या शेपटीशी तापलेल्या सळईने आरपार भोक पाडता येते, आणि लाकूड चिरत नाही. शिवाय तो वजनाला बांबूपेक्षा जड असल्याने दोन हातांहून खोल असलेल्या माशापर्यंतही जोर राखून पोहोचतो. जाडीच्या बाबतीत दोन्ही प्रकारांत फरक नाही. करंगळीएवढा, साधारण 10 मिलिमीटर व्यासाचा आणि सव्वातीन फूट लांबीचा दांडा मला दोन्हीकडे सोयीचा वाटला.

तरीही ज्या एका त्रासामुळे मी धामण सोडली, तो म्हणजे तिचे वाकणे. पहिल्या उन्हाळ्यात मी धामणीचे तीन तीर निखाऱ्यांवर धरून, तेल लावून, एका डोळ्याने निरखत अगदी सूतासारखे सरळ केले होते. सकाळचे दोन तास ते पाण्यातून आत-बाहेर झाले, घरी आल्यावर मी ते पुसून पडवीतल्या भिंतीला टेकून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहतो तो तिन्ही दांडे मधोमध एकेका बाजूला झुकलेले. पुन्हा निखारे, पुन्हा तेल, पुन्हा निरखणे. पुढच्या खेपेला मी ते आढ्याला टांगून सुकवले, त्याच्या पुढच्या खेपेला दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवले. वाकणे कमी झाले, थांबले मात्र नाही. हवेत सोडायच्या तीराला थोडा बाक असला तर पिसे त्याला बरेचसे सांभाळून घेतात. मासे टिपायच्या तीराला पिसे नसतात, आणि वाकडा दांडा पाण्यात शिरला की पाणीच त्याला बाकाच्या बाजूने ढकलते. दोन हातांवर स्थिर बसलेली, सावलीसकट दिसणारी चिलापी सलग दोनदा हुकली, तेव्हा मी आधी स्वतःच्या नेमाला दोष दिला. पाण्याखालचा मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो म्हणून नेम खाली धरायचा, हे मला ठाऊक होते आणि मी तो धरलाही होता. तीर काठावर उचलून डोळ्यासमोर धरला तेव्हा चूक नेमाची नव्हे, दांड्याची आहे हे कळले. एका सकाळच्या शिकारीसाठी एक संध्याकाळ दांडे सरळ करण्यात जावी, हे मला पुढे पटेनासे झाले.

इथे धामणीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माझे लाकूड जेमतेम एक वर्ष सावलीत मुरलेले होते. एखाद्याकडे जुन्या अवजाराचा, दहा-पंधरा वर्षे कोरडा राहिलेला धामणीचा दांडा असेल आणि त्यातून तंतूंच्या रेघेवर चिरून तीर काढता आला, तर त्याचा अनुभव कदाचित निराळा येईल.

माणग्याचा दांडा करायला अधिक वेळ लागतो. पूर्ण वाढलेल्या, निदान तीन वर्षांच्या काठीच्या बुंध्याकडचा भरीव भाग चिरून त्याच्या कांबी काढायच्या, सालीकडची टणक बाजू शक्य तितकी राखत त्या कोयत्याने आणि नंतर काचेच्या तुकड्याने गोल करायच्या. पेरांवरच्या गाठी हा यातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, कारण त्या पूर्ण सपाट झाल्या नाहीत तर दोरीची दांड्यावरून सरकणारी कडी (तिच्याविषयी पुढे सांगतो) तिथे अडते. मात्र एकदा निखाऱ्यावर शेकून सरळ केलेला माझा माणग्याचा तीर संपूर्ण उन्हाळाभर पाण्यात राबूनही मला परत शेकावा लागला नाही. बांबूचे तंतू बुडापासून टोकापर्यंत एका रेषेत धावतात, लाकडासारखे वळसे घेत नाहीत, हेच त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

माणग्याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याला शेपटीशी भोक पाडू नये, तो हमखास उभा चिरतो. प्रत्यंचेसाठी खाच करतानाही खाचेच्या खाली सुताचे घट्ट वेष्टन आणि वर लाखेचा थर हवाच. भुंगा लागण्याची भीती असते म्हणून आमच्याकडे काठी पावसाळा संपल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. पंधरवड्याचा परिणाम किती हे मी तपासलेले नाही, पण पाण्यात मुरवल्याने बांबूतला भुंग्याचा खाऊ धुऊन जातो हे खरे, आणि न मुरवलेल्या माझ्या दोन तीरांचे पीठ झालेले मी स्वतः पाहिले आहे. वर काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात दिला तर पाणीही कमी शिरते. मात्र ते तेल कातडीवर फोड आणते, म्हणून हातांना फडके बांधल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये.

माणग्याच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. फाळ हलका ठेवला, म्हणजे लोहाराकडून 20 ग्रॅमच्या आतबाहेर दात काढून घेतला, तर दोरी तुटली तरी तीर टोक खाली आणि शेपूट वर करून तरंगत राहतो. माझा धामणीचा एक तीर याच तळ्याच्या गाळात कायमचा गेला आहे. दुसरी गोष्ट उपलब्धतेची आहे. धामण हे जंगलातले झाड, आणि स्वतःच्या बांधावर ते नसेल तर रीतसर मिळणे अवघड. बांबूचे तसे नाही. भारतीय वन कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि माणगा तर सिंधुदुर्गात परसापरसांत लावलेला असतो. सातपुड्यातील भिल्लांच्या तीर-कामठ्यात प्रत्यंचासुद्धा बांबूच्या कांबीची असते, त्यावरून या गवताच्या ताकदीची कल्पना यावी.

दोरीची निवड मला त्या मानाने सोपी गेली. अंबाडी स्वस्त आणि सोलायला सोपी खरी, पण तिचा धागा भरड असतो, ओली होऊन सुकली की ती ताठते, आणि ताठलेली दोरी, ती ज्या टोपलीत गुंडाळून ठेवतो त्या रोवळीतून सुटताना वेटोळ्यांसकट उचलली जाते. ताग मऊ वळतो आणि भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट अधिक बळकट होतो. नायलॉन येण्यापूर्वी कोकणात जाळ्यांसाठी ताग वापरात होता. मी तो मांडीवर दुपदरी वळतो. प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेला आणि दोन्ही एकत्र वळताना उलट दिशेला ठेवला, आणि दोन्ही पीळ तोलाचे झाले, तर दोरीला आपोआप वळ्या पडत नाहीत. नंतर ती ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवतो. पूर्वीचे कोळी जाळी अशीच रंगवत. प्रत्येक वापरानंतर वाळवली नाही तर मात्र ताग कुजतो, आणि तो कुजल्याचे बाहेरून दिसत नाही, म्हणून दर खेपेला हातभर दोरी दोन्ही मुठींत धरून हिसका देऊन पाहावी. तळ्यात तुटून राहिलेला नायलॉन वर्षानुवर्षे बगळ्यांच्या पायांत अडकत राहतो आणि तागाचा तुकडा काही काळाने मातीला मिळतो, हा फरक माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे.

कोणताही दांडा निवडला तरी दोरी शेपटीला थेट बांधू नये. सुटताना ती प्रत्यंचेत अडकली तर तीर उलटून अंगावर येऊ शकतो. तागाचीच एक सैल कडी दांड्यावर सरकती ठेवावी. पूर्ण ओढ घेतल्यावर ती धनुष्याच्या पुढे राहते आणि तीर सुटला की शेपटीजवळच्या सुताच्या वेष्टनापर्यंत सरकत जाऊन थांबते. धामणीच्या गुळगुळीत दांड्यावर ती अधिक सहज सरकते, हे कबूल केले पाहिजे. माणग्यावर गाठी नीट घासल्या असतील तर फरक जाणवण्याइतका राहत नाही.

ज्यांचे तळे खोल आहे, ज्यांना रोहू-कटल्यासारखे मोठे मासे टिपायचे आहेत आणि ज्यांच्या घरी मुरलेले जुने लाकूड आहे, त्यांनी धामणीचा एक तरी तीर करून पाहावा, असे मी अजूनही म्हणेन. उथळ पाण्यात, सुट्टीच्या सकाळी तळ्यावर जाणाऱ्याने मात्र माणगा आणि ताग यांच्यापासून सुरुवात केली तर त्याचा वेळ तळ्याकाठी अधिक जाईल आणि निखाऱ्यांपाशी कमी. काठ्या निवडून ठेवायच्या असतील तर पावसाळा संपता संपता बेटात जाऊन तीन वर्षांच्या काठ्यांना खूण करावी, म्हणजे कार्तिकाच्या अंधाऱ्या पक्षात तोडलेली काठी चैत्रापर्यंत तीर होऊन हातात येते.