व्हीईजीएफ-१६५ : जिवाणूतलं घ्यावं की मानवी पेशीतलं?

बडोद्यात आमच्या प्रयोगशाळेत दर खरेदीला हा प्रश्न निघतोच. रक्तवाहिन्या वाढवणारं हे प्रथिन १९८९ मध्ये ओळखलं गेलं. १६५ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात, आणि ही जोडी नीट बसली तरच ते काम करतं.

ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं स्वस्त पडतं. त्याला साखर चिकटलेली नसते, म्हणून बंध तोडून, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवलं की १९ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास एकच रेखीव पट्टा दिसतो. एचईके-२९३ या मानवी पेशींत बनवलेल्याचा पट्टा साखरेमुळे थोडा वर आणि पसरट येतो. पण पेशी वाढवण्यासाठी ही साखर लागत नाही, त्यामुळे नुसत्या वाढीच्या चाचणीला मी जिवाणूतलंच घेते.

खरी धास्ती एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूच्या आवरणातून प्रथिनासोबत येणाऱ्या विषारी अंशाची. नाळेच्या शिरेतल्या पेशी, म्हणजे आमच्या ह्यूवेक, त्याच्या अंशानेही चवताळतात. मग दिसतो तो परिणाम प्रथिनाचा की जिवाणूच्या कचऱ्याचा, हे कळेनासं होतं. दाह किंवा पेशी चिकटण्याचा अभ्यास असेल तर दुप्पट पैसे मोजून एचईकेचंच मागवा, असं मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते.

कुठलंही घ्या, कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. १० मायक्रोग्रॅमची पूड झाकणाला चिकटून बसते आणि डोळ्यांना दिसतही नाही. विरघळवल्यावर लगेच लहान लहान भाग करून गोठवा. आणि मे महिन्यात, बडोद्याच्या त्या उन्हात, कुरियर दुपारभर दारात पडू देऊ नका.