टायटॅनिक: जहाज भव्य, प्रेमकथा तोकडी

जेम्स कॅमेरून यांच्या ‘टायटॅनिक’ (१९९७) या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले आणि जगभरच्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. तरीही तो मला आवडत नाही असे म्हटले, की समोरचा माणूस मला दगडाच्या काळजाचा समजू लागतो. जहाज बुडण्याचा भाग अप्रतिम आहे, याबद्दल वादच नाही. कलंडलेल्या डेकवरून घसरणारी माणसे आणि शेवटपर्यंत वाजवत राहणारे वादक आजही अंगावर काटा आणतात. अडचण आहे ती प्रेमकथेची. नायिका रोझचा श्रीमंत वाग्दत्त वर कॅल हा इतका एकसुरी खलनायक आहे, की पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चित्रकार पिकासोच्या हातून काहीही घडणार नाही असे भाकीत त्याच्या तोंडी घालून लेखक प्रेक्षकाला कोपराने ढोसतो आणि पुढे जहाजात पाणी भरत असताना त्याच्या हाती पिस्तूल देऊन रोझ आणि तिचा प्रियकर जॅक यांचा पाठलागही करायला लावतो. सुमारे १५०० माणसे मृत्यूच्या दारात उभी असताना या पाठलागाची गरज काय होती? ऑस्करच्या १४ नामांकनांत पटकथेचे नामांकन नव्हते, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. हिमनगाच्या धडकेनंतरचा भाग मात्र मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहण्याची माझी तयारी आहे.