'स्पॉन्सर्ड' सायन्स कॅम्पच्या नावाखाली झालेली फसवणूक, नववी-दहावीच्या पालकांनी नक्की वाचा

नमस्कार. ज्यांची मुलं यंदा आठवी, नववी, दहावीत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा, आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवलंत तर बरंच होईल.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, तालुक्याजवळच्या एका गावात राहतो. मुलगी नववीत असताना शाळेत बाहेरच्या लोकांनी एक टॅलेंट टेस्ट घेतली, फी पन्नास रुपये, ओएमआर शीट वगैरे सगळं रीतसर. फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर, आठवीचे मार्क आणि वडिलांचा व्यवसाय लिहून घेतला होता. माझं तर आता ठाम मत झालंय की परीक्षा नुसतं निमित्त होती, त्यांना हवी होती ती ही माहितीच, कारण नंतर मी ज्या ज्या पालकांशी बोलले त्या सगळ्यांच्या पोरांची 'राज्यातून निवड' झालेली होती.

एप्रिलमध्ये फोन आला. बोलणारा अगदी नम्र, स्वच्छ मराठी, ताई ताई करून बोलत होता. म्हणाला अभिनंदन ताई, बेंगळुरूला समर सायन्स अँड टेक्नॉलॉजी प्रोग्रॅम आहे, इस्रोच्या युविका या शाळकरी मुलांच्या कार्यक्रमासारखाच, एका मुलाचा खर्च साठ हजार पण पंचाहत्तर टक्के स्पॉन्सर कंपनी भरणार, तुम्ही फक्त पंधरा हजार भरायचे, आणि ते पण आज संध्याकाळपर्यंत नाहीतर वेटिंग लिस्टवाल्याला सीट जाईल. व्हॉट्सॲपवर पत्र आलं त्यावर रॉकेटचा फोटो, वर सिंहांची राजमुद्रा, संस्थेच्या नावात राष्ट्रीय पण आणि अंतराळ पण. पत्रात स्पष्ट छापलं होतं, 'लाँच कंट्रोल रूमला प्रत्यक्ष भेट' आणि 'शास्त्रज्ञांसोबत प्रोजेक्ट'. भिशीचे पैसे होते ते भरले. नंतर ब्लेझर आणि किटचे म्हणून अजून अडीच हजार. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचं नाव यायचं नाही, एका माणसाचं नाव यायचं, विचारलं तर म्हणे ते आमचे अकाउंटंट आहेत.

आणि त्यांनी काढलेला पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा तर फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकणार असा. म्हणजे शंभरभर पालक एका ग्रुपमध्ये आणि कुणी कुणाला एक शब्द विचारू शकत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, यांचं सगळं यावरच चालतं.

मे महिन्यात मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं पोरं गेली, स्लीपर क्लासनं. तिथं पोहोचल्या पोहोचल्या 'शिस्तीसाठी' म्हणून सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. आम्हाला ग्रुपवर रोज फोटो यायचे, ब्लेझर घालून ओळीत उभी राहिलेली पोरं, आम्ही खूश.

पोरगी परत आल्यावर दोन दिवस काही बोलेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका लॉजवर एका खोलीत सहा-सहा मुली. 'सायंटिस्ट' म्हणून जे सर आले त्यांनी लॅपटॉपवर चांद्रयान-३ चे यूट्यूबचे व्हिडिओ दाखवले, आणि प्रग्यान रोव्हरला चार चाकं असतात म्हणून सांगितलं. हिनं हात वर करून सहा असतात म्हटलं तर खाली बस म्हणाले. फिरायला कुठं नेलं तर विश्वेश्वरय्या म्युझियम, नेहरू तारांगण आणि एचएएलचं विमानांचं म्युझियम. तिन्ही जागा चांगल्या आहेत, पोरांना आवडल्या पण, पण तिथं तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं हो, त्याला राज्यातून निवड कशाला लागते? आणि इस्रो? इस्रोच्या एका ऑफिसच्या गेटबाहेर रस्त्यावर बस थांबवली, पटापट फोटो काढले, गार्डनं हटकल्यावर पुढं गेले. त्याच फोटोवर 'इस्रो भेट' लिहून ग्रुपवर टाकलं, आणि आमच्याकडच्या एका पेपरात 'शेतकऱ्याची कन्या इस्रोत' अशी बातमी पण आली. सगळे अभिनंदन करायचे आणि पोरगी खाली मान घालून उभी. तिला खोटं बोलायला लावलं त्यांनी, याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही, पैशांचं त्यापुढं काहीच नाही.

मुळात 'लाँच कंट्रोल रूम' बेंगळुरूत कुठून येणार, इस्रोची रॉकेट उडतात आंध्रातल्या श्रीहरिकोट्याहून. आणि तिथली लाँच बघायची गॅलरी सर्वसामान्यांसाठीच आहे, ऑनलाइन नोंदणी करायची, त्याला एजंट लागत नाही.

आता खरं युविका कसं असतं ते सांगते, कारण हे लोक त्याचंच नाव घेऊन येतात. युविका म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, इस्रोनं २०१९ मध्ये सुरू केला, नववीच्या मुलांसाठी. अर्ज इस्रोच्या पोर्टलवर ऑनलाइन, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, एक रुपया फी नाही. निवडीत सगळ्यात जास्त वजन आठवीच्या मार्कांना, त्याशिवाय ऑनलाइन क्विझ, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेतल्या मुलांना वेगळं वेटेज, म्हणजे आपल्या गावाकडच्या पोरांना उलट फायदाच आहे. शाळेत कुणी भारी टेस्ट घेतली म्हणून निवड होत नसते. निवड झाली की मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि कागदपत्रं मागतात, पैसे नाही. राहणं, जेवण, अभ्यासाचं साहित्य सगळं इस्रोकडून, मुलाचं प्रवासभाडं पण मिळतं, आणि सोडायला-न्यायला येणाऱ्या एका पालकाचं सुद्धा. म्हणजे पैसे त्यांच्याकडून आपल्याकडे येतात. इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या विज्ञान कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत पण तसंच, शाळेनं मुलाची आयडिया पाठवली आणि निवडली गेली की दहा हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा उन्हाळ्यातला शाळकरी मुलांचा कार्यक्रम आहे, त्याची निवड पुण्यातल्या शाळांमार्फत होते, फोनवरून कुणी सीट विकत नाही. त्यामुळं स्पॉन्सर्ड म्हणायचं आणि वर आपल्याकडूनच हजारो रुपये मागायचे, की समजून जा स्पॉन्सर आपणच आहोत. आमच्या पत्रात स्पॉन्सर कंपनीचं नाव कुठंच नव्हतं, 'नामांकित उद्योगसमूह' एवढंच.

नासाच्या नावानं पण असंच चालतं. फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्स हे पर्यटकांसाठीच आहे, तिकीट काढलं की प्रवेश. त्याला 'नासात निवड' म्हणून लाखांची रक्कम मागत असतील तर ती सहल आहे, निवड नाही. सहलीला जायचं तर सहल म्हणून जा, त्यात काही वाईट नाही.

आम्ही पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की कार्यक्रम तर झाला, पोरं जाऊन आली, मग फसवणूक कसली? आयोजकाचं उत्तर पण तेच, फोटो आहेत, सर्टिफिकेट आहे. मग मी ते पत्र पुढं ठेवलं, छापलंय एक आणि दाखवलं दुसरंच. ग्रुप इन्फोमध्ये सगळ्यांचे नंबर दिसतात, तिथून एकेकाला फोन लावत गेले. बरेच जण म्हणाले जाऊ दे, पेपरात फोटो आलाय, आता लोक हसतील. तरी काही पालक तयार झाले, आम्ही मिळून लेखी तक्रार दिली, राजमुद्रेचा वापर केला ते पण त्यात लिहिलं, कारण खाजगी संस्थेला ती परवानगीशिवाय वापरता येत नाही, २००५ चा कायदाच आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. अर्ज गेल्याचं कळल्यावर आयोजकाचा फोन आला, निम्मे पैसे देतो पण तक्रार मागं घ्या. आम्ही नाही म्हणालो.

ज्यांनी नुकतेच ऑनलाइन पैसे पाठवले असतील आणि समोरचा फोन उचलत नसेल त्यांनी ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. पत्र, पावती, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट लगेच दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा, आमच्या ग्रुपवरचे अर्धे मेसेज ॲडमिननं नंतर डिलीट केले.

मुख्याध्यापक आणि विज्ञानाच्या सर-मॅडमना विनंती, बाहेरच्या संस्थेला शाळेत परीक्षा घेऊ देताना मुलांचे नंबर आणि मार्क देऊ नका. आमच्या शाळेनं पण नंतर हात वर केले, म्हणाले आम्ही फक्त वर्ग उघडून दिले.

सांगली, कोल्हापूर, सातारा भागात कुणाला बेंगळुरूच्या कॅम्पचं असं राजमुद्रावालं पत्र आलं असेल तर ते फेकू नका, जवळच्या पोलीस स्टेशनला त्याची प्रत जोडून अर्ज द्या. वेगवेगळ्या तालुक्यांतून अर्ज आले तर 'कार्यक्रम तर झाला' हे उत्तर त्यांना परत देता येणार नाही.