एनपीएस वापरून 15 महिने झाले, मोटार रिवायंडिंगवाल्याचा अनुभव

जिंतूरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. 2024 च्या दसऱ्याच्या आठवड्यात एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, खातं उघडलं, तेव्हा वय 41. दुकानावर मोटार टाकायला येणारी माणसं आजकाल हेच विचारायलेत की म्हातारपणासाठी पैसे कशात टाकावं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी यात पडलो कामून ते सांगतो. वडलांनी कापसाचे अन बैलजोडी विकल्याचे मिळून 2 लाख 40 हजार एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले होते, नाव घेत नाही, व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त देत होते. एक दिवस कुलूप लागलं. पावती अजून पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आहे, वडील अधूनमधून काढून बघतात अन परत तशीच घडी घालून ठेवतात, मला ते बघवत नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, हे आम्हाला पैसे अडकल्यावर कळलं. घरात कोणाची अशी ठेव असेल तर आजच विचारा.

एनपीएसच्या आधी मी म्युच्युअल फंडाची एसआयपीपण करून बघितली, म्हणजे दर महिन्याला बँकेतून ठराविक हप्ता कटणार, माझा 2 हजार. फंडात वाईट काही नव्हतं, पण माझा धंदा रब्बीचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत विहिरी-बोअर चालू, रात्रीची लाईट, कमी व्होल्टेज, मग मोटारी जळतात अन दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हातात काहीच नसतं. त्या दोन महिन्यांत हप्ते रिटर्न गेले अन बँकेनं दर वेळी दंड कापला. पगारवाल्याला एसआयपी बरोबर बसते, आपल्याला त्रास होतो.

एनपीएसमध्ये ही कटकट नाही. टियर वनला, म्हणजे मुख्य पेन्शन खात्याला, एका वेळी किमान 500 अन वर्षाला किमान 1000, एवढं झालं की बाकी कधी अन किती भरायचं ते आपल्यावर. मी डिसेंबरात एकदम 12 हजार टाकले, पावसाळ्यात दोन महिने रुपया टाकला नाही, कोणी फोन केला नाही की दंड लावला नाही. 15 महिन्यांत मिळून 62 हजार गेलेत, नुसत्या बचत खात्यात असते तर आत्तापर्यंत कशाततरी खर्च झाले असते हे खरं.

खातं उघडताना मात्र लई जीव खाल्ला. आधारवर माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं पूर्ण, अन पासबुकवर आडनाव आधी आणि पुढं दोन अक्षरं. बँक खातं पडताळताना नाव जुळेना. शाखेत दोन चकरा मारून, अर्ज देऊन नाव दुरुस्त करून घेतलं तेव्हा कुठं 12 आकडी प्रान, म्हणजे एनपीएसचा खाते नंबर, हातात आला. तुम्ही सुरुवातच तिथून करा, आधार, पॅन, पासबुक तिन्हीवर नाव सारखं आहे का बघा, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपीच येत नाही.

पैसे कुठं लावायचे त्यात मी ऑटो चॉइसमधला, म्हणजे वयाप्रमाणे आपोआप वाटणी होते त्यातला, मधला पर्याय घेतला. त्यात 35 वयापर्यंत निम्मे शेअरमध्ये, मग दर वर्षी 2 टक्के कमी, म्हणजे माझे सुरुवातीला 38 टक्के. अन नेमका मी घुसलो अन बाजार पडला. फेब्रुवारी 2025 ला 32 हजार भरलेले होते अन ॲपवर 30 हजार 900 दिसायलेत. पोटात गोळाच आला, वडलांची पावती डोळ्यासमोर. पण हा भाव खाली आलेला होता, पैसे कोणी घेऊन पळालेलं नव्हतं, हा फरक समजायला मला दोन-तीन रात्री लागल्या. पुढं भरत राहिलो, आता भरल्यापेक्षा जास्त दिसतंय. खात्रीचंच पाहिजे असेल तर पोस्टात पीपीएफ हे सरकारी बचत खातं आहे, 15 वर्षं, वर्षाला दीड लाखापर्यंत, व्याज एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के.

टॅक्सबद्दल. मला एनपीएसचं सांगणारा म्हणाला की 50 हजाराची जादा सूट मिळते. मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीत. नव्यात ती नाही, अन आता आपोआप नवीनच लागू असते. निव्वळ त्यासाठी कोणी खातं उघडू नका.

खरी अडचण म्हणजे पैसा अडकतो. मधेच पाहिजे असेल तर तीन वर्षांनी, तेही आपण भरलेल्यातले 25 टक्केच, अन कारण लागतं, पोरांचं शिक्षण, लग्न, घर, मोठं आजारपण. जमा रक्कम मोठी असेल तर साठीलाही सगळे हातात येत नाहीत, एक हिस्सा ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत, घालून पेन्शन घ्यावी लागते. मी उघडलं तेव्हा तो किमान 40 टक्के होता, डिसेंबर 2025 मध्ये सरकारी नोकरी नसलेल्यांसाठी 20 टक्क्यांवर आणलाय, हे लई चांगलं झालं. तरी बियाणं-खताचा पैसा, पोरीच्या ॲडमिशनचा पैसा यात चुकूनही टाकू नका, तो बँकेतच बरा.

बायकोनं एकच विचारलं होतं, "मधीच काही झालं तर पैसे कोणाला मिळायलेत?" साठीच्या आधी माणूस गेला तर सगळी रक्कम नॉमिनीला मिळते, म्हणून तिचं नाव अन स्पेलिंग मी तिच्यासमोरच टाकलं. ती घरी शिलाई करते, वय 37, टॅक्स भरत नाही, म्हणून तिचं अटल पेन्शन, सरकारचीच दुसरी पेन्शन योजना, चालू केलं. त्यात 40 च्या आतच घुसावं लागतं, हप्ता सहामाहीपण ठेवता येतो. तिचा आम्ही तसाच ठेवलाय.